मांगूर पडतो तेव्हा

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, जिंबोचो पेठेतल्या सोबा-शेवयांच्या दुकानावरचे तीन मजले चढून एक मांगूर मासा वर आला.

अंगात राखाडी सूट होता, निळा टाय होता, हातात फडक्यात बांधलेला मिठाईचा खोका होता, आणि टायच्या गाठीपासून वर मासा सुरू होत होता. काळ्या कातड्याचा मुखवटा, वाटोळे डोळे, ओठांच्या दोन्ही कडांना बोटभर जाड रबरी मिश्या. दारातच थांबून त्यानं कमरेतून खोल वाकून नमस्कार केला. मिश्या पुढं झुलल्या, पायपुसण्याला टेकल्या, आणि तो सरळ झाला तशा हळूच आपापल्या जागी परत आल्या.

'दहा कळा' साप्ताहिकाच्या कचेरीत क्षणभर टेलिफोनसुद्धा वाजायचा थांबला.

"उसुईसान," तिथंच काम करणारी नाची आपल्या टेबलावरून म्हणाली, "तुमचं जेवण पायांनी चालत आलंय."

उसुई मिनेओ वळला, आणि हातातला व्हिडिओ खेळाचा कंट्रोलर तसाच सुटून मांडीवरून खाली लोंबकळला. उसुई एकोणचाळीस वर्षांचा होता, पण त्या घडीला तो बारा वर्षांचा झाला. बाराव्या वर्षी, चिबाच्या मासळीबाजारामागच्या मैदानात, ताडपत्रीच्या तंबूत बसून त्यानं याच माशाला पहिल्यांदा पडताना पाहिलं होतं.

"ओनामाझु!" तो पुटपुटला.

ओनामाझु म्हणजे थोरला मांगूर. जमिनीच्या पोटात निजलेला, शेपूट हलवली की वरची घरं डुलवणारा. त्या माशाचं नाव आणि त्याचं तोंड घेऊन हे गृहस्थ सत्तावीस वर्षं निशिउमी कुस्ती कंपनीच्या रिंगमध्ये उतरत होते, आणि सत्तावीस वर्षं हरत होते. तरण्यांकडून हरले, म्हाताऱ्यांकडून हरले, परदेशी पाहुण्यांकडून हरले. एकदा वादळामुळं समोरचा पैलवान येऊच शकला नाही, तर पंचाकडून हरले. पण पडायचे असे, की मॅट गडगडायची, दोर थरथरायचे, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचा चहा पेल्यात हिंदकळायचा. आणि ज्यानं त्यांना पाडलं तो कालचा पोर त्या एका आवाजानं डोंगराएवढा होऊन बाहेर पडायचा. कंपनीतले सगळे डोंगर त्यांनीच असे पडून पडून उभे केले होते.

उसुईनं त्यांना खुर्ची दिली, नाचीनं बार्लीचा गार चहा दिला. मुखवटा काढायचा प्रश्नच नव्हता. चारचौघांत तो कधी निघाला नव्हता. ते चहा प्यायला लागले तेव्हा डावी मिशी पेल्यात बुडाली. त्यांनी ती सावकाश निथळवली.

"आपण 'रिंगचे राजे'च्या दुसऱ्या भागाचं परीक्षण करताय, असं ऐकलं," ते म्हणाले. आवाज मऊ होता, देवळातल्या पुजाऱ्यासारखा.

"हो. आज चार वाजता मजकूर छापखान्यात जातो. शुक्रवारी अंक निघतो, त्याच दिवशी खेळ दुकानात येतो."

"त्यात मी आहे."

"आहात." उसुईनं मान खाली घातली. "जरा जास्तच आहात."

आता इथं सांगायला हवं, की 'दहा कळा'मध्ये दर आठवड्याला घरच्या यंत्रावर खेळायचे जेवढे नवे खेळ येतात, त्यांना चार परीक्षक आपापल्या कोपऱ्यात बसून दहापैकी गुण देतात आणि प्रत्येकी साठ अक्षरांत शेरा लिहितात. एकसष्टावं अक्षर चौकटीत मावत नाही. पोरं दुकानात आधी ते पान उघडतात, मग खिशात हात घालतात. उसुई अकरा वर्षं हे काम करत होता, आणि अकरा वर्षांत त्यानं जवळजवळ प्रत्येक खेळाला सात गुण दिले होते. कुणाचं मन मोडू नये आणि कुणी डोक्यावर चढू नये, असा तो आकडा. नाची त्याला 'सप्तर्षी' म्हणायची.

पण 'रिंगचे राजे' या कुस्तीच्या खेळाच्या दुसऱ्या भागानं कालपासून त्याची झोप उडवली होती. छत्तीस पैलवान, बावन्न डाव, सगळं छान. फक्त एक गोष्ट सोडून. मांगूर हरत नव्हता. त्याला उचलून आपटलं की तो पडे, गडगडाट होई, आणि पडद्यावर वरच्या कोपऱ्यात आपटणाऱ्याची ताकद सरकन कमी होई. तीन वेळा आपटला की आपटणारा कोसळे. उसुईनं पस्तीस पैलवान घेऊन मांगुराशी झुंज लावली होती आणि पस्तीस वेळा हरला होता. शेवटी त्यानं मांगूरच हातात घेतला, कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला, आणि सोबा खाऊन परत आला. तोवर मांगूर विजेता झालेला होता.

"ही चूक आहे ना?" ओनामाझु म्हणाले. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले होते. "आपण तसं लिहावं, अशी विनंती करायला आलोय. गुण तीन दिले तरी माझी हरकत नाही. दोन दिले तर मिठाईचा आणखी एक खोका आणीन."

"पण जिंकणं इतकं वाईट आहे का हो?" नाचीनं मधेच विचारलं.

ओनामाझु तिच्याकडं वळले. मुखवट्याच्या भोकांतून दिसणारे डोळे फार थकलेले होते.

"रविवारी माझी शेवटची कुस्ती आहे," ते म्हणाले. "समोर एंजो आहे. पाच वर्षं माझ्या हाताखाली आहे. माझा अंदाज असा, की रविवारी मी हरण्याची शक्यता आहे."

"शक्यता?" उसुई हळूच म्हणाला.

"दाट."

उसुईनं मान डोलावली. त्या जगात कुस्तीचा निकाल आधी ठरतो असं कुणी म्हणत नाही. आईजवळ नाही, बायकोजवळ नाही, मरताना डॉक्टरजवळ नाही. आभाळाबद्दल बोलावं तसं बोलायचं. ढग आहेत. वारा अमुक दिशेचा दिसतो. आणि त्या जगाची अशीही रीत आहे, की निरोप घेणाऱ्यानं जाता जाता उगवत्या पोरासाठी खांदे टेकवून जायचं. आयुष्यभर कमावलेलं जे काही असेल, ते पंच तीन आकडे मोजेपर्यंत त्याच्या ओटीत टाकायचं. दुसरी दक्षिणा नाही, दुसरी इस्टेट नाही.

"एंजोला अजून कुणी मोठं पडून दिलेलं नाही," ओनामाझु म्हणाले. "पोरगा चांगला आहे. पण त्याच्या अंगात अजून वजन आलेलं नाही. ते मी द्यायचं आहे. बाराशे खुर्च्या लागणार आहेत, हे पुन्हा नाही. पण तोरिगोएबाईंना वेगळं आभाळ दिसायला लागलंय."

तोरिगोएबाई म्हणजे निशिउमी कुस्ती कंपनीच्या मालकीणबाई, संस्थापकांच्या पत्नी, वय सत्तर. खेळ काढणाऱ्या योकोहामाच्या कंपनीनं त्यांना खेळाची पेटी आधीच भेट दिली होती. बाईंनी ती तिकीटखिडकीच्या आत लावली, आणि दहा दिवसांत मांगूर घेऊन सगळ्या जगाला लोळवलं.

"बाई म्हणाल्या," ओनामाझुंनी घसा खाकरला आणि एकदम खरखरीत आवाज काढला, "'अहो, शुक्रवारी देशभरची पोरं तुम्हाला अजिंक्य म्हणून बघणार, आणि रविवारी तुम्ही माझ्यासमोर उताणे पडणार? लोक मला काठीनं मारतील! पुस्तकातल्या परीक्षकांनी याला चूक म्हटलं, तर माझं आभाळ जुनंच. त्यांनी चूक नाही म्हटलं, तर रविवारी सूर्य तुमच्या बाजूनं उगवेल असं मला दिसतंय.'" आवाज पुन्हा मऊ झाला. "मला जिंकता येत नाही, उसुईसान. मी शिकलोच नाही. आणि आता वयही नाही."

उसुईनं यंत्र सुरू केलं आणि दुसरा कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. "एकदा बघा तरी."

ओनामाझुंच्या पंज्यात कंट्रोलर बिस्किटासारखा दिसत होता. पडद्यावरचा मांगूर, चार बोटं उंचीचा, काळा, मिशाळ, रिंगमध्ये येऊन उभा राहिला. उसुईनं समोर एंजोला आणला. लाल चड्डी, केसांना शेंडी. एंजोनं मांगुराला डोक्यावर उचललं आणि आपटलं. धाडदिशी आवाज झाला आणि एंजोची ताकद निम्म्यावर आली.

"अरे अरे," ओनामाझु कळवळले. "पोराला लागलं."

"अजून बघा." दुसऱ्यांदा आपटलं, तिसऱ्यांदा आपटलं. एंजो कोसळला. पंच आला. पण मांगूर उठलाच नाही. तो होता तसाच उताणा पडून राहिला, आणि पंचानं वाकून, चटई उचलावी तसा त्याचा एक हात जमिनीपासून वीतभर वर धरला. बाकी पस्तीस पैलवान जिंकल्यावर दोरांवर चढत, छाती बडवत, आभाळाकडं बोट दाखवत. मांगूर तेवढा पडून जिंके.

"असं का केलं असेल यांनी?" ओनामाझुंनी विचारलं.

उसुईनं खेळाबरोबर आलेलं माहितीपत्रक काढलं. त्यात मोठ्या अभिमानानं छापलं होतं, की या भागात प्रत्येक पैलवानाची विजयमुद्रा खऱ्या छायाचित्रावरून काढली आहे.

"तुमचं असं छायाचित्रच नाही," तो म्हणाला. "सगळीकडं शोधलं असेल बिचाऱ्यांनी. सत्तावीस वर्षांत एकही नाही."

ओनामाझु पडद्याकडं झुकले. मग म्हणाले, "आडवा बरा दिसतो."

"आणि ताकदीचं इथं लिहिलंय." उसुईनं बोट ठेवलं. "प्रत्येक प्रहाराचं बळ वर्षभर रिंगजवळ बसून आवाजाच्या यंत्रानं मोजलं आहे."

"हो, हो! चष्मेवाला एक गृहस्थ यायचा. काठीला यंत्र बांधून. फार सभ्य. मी पडलो की वाकून नमस्कार करायचा."

मग सगळं उलगडलं. त्या सभ्य गृहस्थाला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. जेवढा आवाज मोठा तेवढा मार मोठा, असं त्यानं धरलं. आणि आवाज ज्याच्या अंगातून निघाला, मार त्याच्या नावावर लिहिला. साऱ्या कंपनीत सगळ्यात मोठा आवाज होता तो मांगूर पडण्याचा. बाकीच्यांना कुणाला चाळीस मिळाले, कुणाला साठ. यांच्या नावापुढं लिहायला जागा पुरली नाही.

"म्हणजे झालंच की," नाची टाळी वाजवून म्हणाली. "मोजणाराच चुकला. लिहा, सप्तर्षी. 'मोठी चूक. तीन गुण.' पन्नास अक्षरं उरतील, त्यात मिठाईबद्दल आभार माना."

उसुईनं पेन्सिल उचलली. टोक कागदाला टेकलं. पण अकरा वर्षांच्या परीक्षकाला एक खोड लागलेली असते. जे स्वतः करून पाहिलं नाही त्याला चूक म्हणताना हात अडतो.

"ओनामाझुसान," तो चाचरत म्हणाला, "एकदा… इथं पडाल का?"

"कोण पाडणार?"

"मी."

नाची खो खो हसली. उसुईचं वजन ओल्या टॉवेलएवढं होतं. पण ओनामाझु हसले नाहीत. त्यांनी कोट काढला, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला, टाय खिशात खोवला, आणि दोन टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले. "कुठंही लावा हात," ते म्हणाले. "बाकी माझ्याकडं."

उसुईनं एक बोट पुढं केलं आणि शर्टाच्या तिसऱ्या गुंडीवर टेकवलं.

मांगूर आधी टाचांवर डोलला. भरलेलं भाताचं शेत वाऱ्यावर डोलावं, तसा. मग पाठीची कमान झाली, दोन्ही हात पंखासारखे उघडले, मिश्या वर उडाल्या, आणि तो एवढा मोठा माणूस असा मोकळा सुटला, की जणू आयुष्यात त्यानं कधी कशाला धरूनच ठेवलं नव्हतं. हाताचे तळवे, खांदे आणि पाठ एका श्वासात जमिनीला भेटले.

इमारत हलली. छताचे दिवे झोके घ्यायला लागले. मागल्या खोलीतले लोक भूकंप समजून, लहानपणी शाळेत शिकवल्याप्रमाणं, निमूट टेबलांखाली गेले. कुणी डोक्यावर उशी धरली, कुणी मासिकांचा गठ्ठा. खालून सोबावाल्यानं ओरडून विचारलं, "गॅस बंद करू का?"

उसुई मधोमध उभा होता. त्याला वाटलं, आपलं डोकं छताला लागेल. त्या एका बोटातून कुणीतरी त्याच्या अंगात डोंगर ओतला होता. तो दहा हात उंच झाला. त्यानं एका बोटानं धरणीखालचा मासा लोळवला होता! आणि लगेच, त्याच दमात, पायांतलं सगळं त्राण गेलं. एवढं मोठं दान कुणी आपल्या पुढ्यात टाकल्यावर माणसानं उभं कसं राहायचं? तो मटकन जमिनीवर बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"सप्तर्षी," नाचीचा आवाज टेबलाखालून आला, "तुमची ताकद किती उरली?"

"अजिबात नाही," उसुई म्हणाला.

ओनामाझु उठून त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. "पहिल्यांदा असं होतं," ते समजुतीनं म्हणाले. "सगळ्यांना होतं. चहा घ्या."

ते निघून गेले तेव्हा बारा वाजले होते. चारला पाच मिनिटं कमी असेपर्यंत उसुई कोऱ्या चौकटीकडं बघत बसला. चूक आहे असं लिहावं, तर ते खोटं होतं. चष्मेवाल्यानं न कळता, यंत्राच्या अडाणी काट्यानं, अगदी बरोबर मोजलं होतं. चूक नाही असं लिहावं, तर त्या माणसाचं शेवटचं पडणं हिरावलं जाणार होतं. शेवटी त्यानं लिहिलं, बोटांवर अक्षरं मोजली, आणि कागद नाचीला दिला.

"या खेळात पडणारा मांगूरच जिंकतो. ही चूक नव्हे. असं पडणं मी अकरा वर्षांत पाहिलं नाही. विश्वास बसत नसेल, तर रविवारी त्याला पडताना पाहा."

नाचीनं दोनदा वाचलं. "'ही चूक नव्हे.' मारलंत तुम्ही त्यांना. बाई एवढंच वाक्य वाचणार."

"शेवटचंही वाचतील."

"आणि नाही वाचलं तर? ते रविवारी जिंकतील. तुमच्यामुळं."

उसुईनं कागद परत घेतला आणि चौकटीत आकडा घातला.

"आणि गुण किती? सात?" ती ओरडली. "एवढं रडून सात?"

"प्रेक्षकांचा आवाज एकसुरी आहे," उसुई नाक पुसत म्हणाला. "आणि दोरांवरून परतताना पैलवान फार हळू वळतात."

शुक्रवारी अंक निघाला. शुक्रवारचा दिवस उसुईनं टेलिफोनकडं पाठ करून काढला. दुपारी तीनला तो वाजला तेव्हा नाचीनं उचलला, ऐकलं, आणि दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखा त्याच्याकडं दिला.

"परीक्षक का?" खरखरीत आवाज आला. मागं दुसरे दोन टेलिफोन वाजत होते. "मी तोरिगोए. काय लिहून ठेवलंत हो हे?"

"बाई, मी…"

"मी वाचलं, 'चूक नव्हे.' लगेच त्या मांगुराला बोलावलं. म्हटलं, सूर्य उगवला, आता हात वर करून दाखवा. विजेता कसा उभा राहतो ते लोकांना दिसायला नको? तर हात कसा वर केला माहितीय? शाळेतलं पोर लघवीला जाऊ का म्हणून विचारतं ना, तसा! दहा वेळा करून घेतला. दहाव्या वेळी तर परत बसला खाली, परवानगी नाकारल्यासारखा."

उसुईनं डोळे मिटून घेतले.

"आणि सकाळपासून हे टेलिफोन. ऐकू येतायत ना? एकजण विचारत नाही कोण जिंकणार म्हणून. सगळे एकच विचारतात: किती वेळा पडणार? पुढच्या रांगेतून हादरा बसतो का? म्हाताऱ्या आईला आणलं तर चालेल का? एक म्हणाला, पडणार नसतील तर आम्ही येत नाही." बाईंनी सिगारेटचा मोठा झुरका घेतल्याचं ऐकू आलं. "परीक्षक."

"हं?"

"रविवारी पाऊस दिसतोय. जुनाच."

"बाई, फार फार…"

"आणि तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. ठेवा."

रविवारी दुपारी कावासाकीच्या नगरपालिकेच्या व्यायामशाळेत बाराशे खुर्च्या भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. भाताच्या मुटक्यांचा आणि भाजलेल्या माकुळाचा वास पसरला होता. उसुई आणि नाची तिसऱ्या रांगेत होते. चष्मेवाला सभ्य गृहस्थही आला होता. या वेळी यंत्र नव्हतं, नुसतेच हात मांडीवर घेऊन बसला होता. तोरिगोएबाई घंटेजवळ, फर कोटात.

एंजो आला. तेवीस वर्षांचा, गोरटेला, खांदे अजून पोराचे. मग मांगूर आला, काळ्या झग्यात, सावकाश, पायरीपायरीला थांबत. दोघांनी मधोमध येऊन एकमेकांना नमस्कार केला, आणि वस्तादांच्या मिश्या शिष्याच्या पायांना लागल्या.

घंटा झाली. एंजोनं पहिली पकड घेतली, कंबर घेतली, उचललं, सोडलं. छतापर्यंत आवाज गेला. पण बाराशे लोकांनी मांगुराकडं बघितलंच नाही; सगळ्यांनी माना वळवून एंजोकडं बघितलं, की याचं किती उरलं.

"निम्मं गेलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

एंजो गोंधळला. त्यानं स्वतःच्या अंगाकडं पाहिलं. मग दुसरा डाव टाकला. मांगूर दोरांवरून आला, हवेत आडवा झाला, आणि खाली आला तो सगळ्या सत्तावीस वर्षांसकट. खुर्च्या दोन बोटं सरकल्या. आणि मग कोपऱ्यातून, खेळ घेऊन दोन दिवस घरी बसलेल्या पोरांच्या घोळक्यातून, एक गाणं उठलं आणि सगळ्या व्यायामशाळेनं ते उचललं:

"पड रे माशा, पड रे पड,
धरणी होऊ दे धडधड;
तळाशी निजला, तळाशी हसला,
वरती राजा मटकन बसला!"

नाची खुर्चीवर उभी राहून गात होती. उसुईला गाता येत नव्हतं. आयुष्यभर हा माणूस पडला तेव्हा लोकांनी पाडणाऱ्याचं नाव घेतलं होतं. आज बाराशे लोक त्याला बोलावत होते, की पडा, अजून पडा, असं आम्हाला पुन्हा कोण पडून दाखवणार?

आणि तो पडला. पाठीवर पडला, कुशीवर पडला, मानेवर पडला. जपून ठेवलेलं एकेक पडणं गाठोड्यातून काढून त्यानं त्या पोराच्या पुढ्यात मांडलं. प्रत्येक आवाजासरशी एंजो उंच होत होता. त्याचे खांदे खरंच रुंद होत होते, ते तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. आणि प्रत्येक आवाजासरशी त्याचे डोळे भरत होते.

शेवटी एंजोनं वस्तादांना डोक्यावर घेतलं. एक क्षण मांगूर तिथं वर, दिव्यांच्या उजेडात, पाण्यात असावा तसा स्थिर राहिला. त्यानं खाली वाकून पोराच्या कानात काहीतरी सांगितलं.

मग तो आवाज. त्याबद्दल काय लिहिणार? स्टेशनवरच्या टपाल पेटीचं झाकण वाजलं असं नंतर लोक सांगत.

एंजो त्यांच्यावर पडला. पंचानं मॅटवर तळहात मारला. एक. दोन. तीन. घंटा. वस्ताद हरले होते, पुरते, स्वच्छ, दोन्ही खांदे टेकवून. जसं त्यांना हवं होतं तसं.

फक्त एंजो उठत नव्हता. तो वस्तादांच्या छातीवर तोंड लपवून हुंदके देत होता. पंचानं त्याचा हात धरून वर केला, सोडला, तर तो ओल्या मोज्यासारखा खाली पडला. पुन्हा उभं केलं. गुडघे दुमडले, पुन्हा बसला.

"संपलं!" पोरं ओरडली. "सगळं संपलं त्याचं! बघा!"

चष्मेवाला सभ्य गृहस्थ उभा राहिला आणि कमरेतून वाकला.

"अरे गाढवांनो!" तोरिगोएबाई घंटेची हातोडी नाचवत किंचाळत होत्या. "जिंकलेला माणूस आपल्या पायांनी जातो! एंजो, ऊठ! छायाचित्रवाले थांबलेत!"

मांगूर कोपरावर उठला. मग गुडघ्यावर. मग, कळ दाबून धरल्यासारखा हळूहळू, उभा राहिला. त्यानं पोराकडं बघितलं आणि पाठ करून त्याच्यापुढं खाली वाकला.

"याला चालता येत नाही, बाई," तो म्हणाला.

त्यानं एंजोला पाठंगुळीला घेतलं, दोरांतून जपून बाहेर काढलं, आणि मधल्या वाटेनं चालू लागला. एंजोचं तोंड त्याच्या मानेत होतं, त्याच्या शेंडीवर दिवे चमकत होते. लोक दोन्ही बाजूंनी उठून उभे राहिले. छायाचित्रवाले पुढं धावले, आणि एकजण ओरडला, "ओनामाझुसान! एकदा हात वर करा! एकदाच!"

मांगूर थांबला. मिश्यांमधून घाम ठिबकत होता. त्यानं मागं वळून, क्षमा मागावी तशी मान लववली. दोन्ही हात पोराच्या गुडघ्यांखाली गुंतलेले होते.